अर्धी भाकरी

बाळ बाहेर आलं की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. माझी वळत नाही. मी त्याच्या मागून येणाऱ्या वारेची वाट बघत थांबते. मिरजेत पंचवीस वर्षं मी हाच उद्योग करते आहे, आणि बाळापेक्षा वार बोलकी असते असं माझं ठाम मत आहे. बाळ नुसतं रडतं. वार नऊ महिन्यांची हकिगत सांगते, ऐकणारा तेवढा पाहिजे.

लोकांना वार आईची वाटते. ती बाळाची असते. गर्भाच्या पहिल्या मूठभर पेशींपैकी काही बाळ व्हायला मागे राहतात आणि काही गर्भाशयाच्या भिंतीत घुसून वार बनवायला लागतात. माणूस आयुष्यात पहिलं काम करतो ते हे. हृदय धड झालेलं नसतं, मेंदूचा पत्ता नसतो, आणि हा पठ्ठ्या आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं रुंद करून स्वतःच्या जेवणाची सोय लावत असतो. मग नऊ महिने तीच त्याचं स्वयंपाकघर, तीच फुप्फुसं, तीच मूत्रपिंडं. काम झालं की आपण ती बादलीत टाकतो.

वारेला दर आठवड्याला नवी पालवी फुटते. त्या आठवड्यात आईच्या रक्तातून काय आलं आणि किती आलं, यावरून त्या पालवीतल्या पेशींच्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. चुलीचा धूर, ताप, धास्ती, भूक, प्रत्येकाची खूण वेगळी. २०३९ साली आमच्या प्रयोगशाळेत वारवाचक आलं. त्याला नखाएवढा काप द्यायचा, चाळीस मिनिटांत ते या खुणा आठवडावार मांडून दाखवतं.

गर्भ हा मोठा बिलंदर प्राणी आहे. आत बसून तो बाहेरच्या जगाचा अंदाज बांधतो. अन्न कमी आलं की त्याला वाटतं, बाहेर दुष्काळ आहे. मग तो काटकसर सुरू करतो. मेंदूला आधी वाढतो, मूत्रपिंडं लहान ठेवतो, साखर जपून वापरायला शिकतो. बाहेर खरंच दुष्काळ असला तर असं मूल तगतं. पण भरलेलं ताट समोर आलं तर चाळिशीत रक्तदाब आणि साखर घेऊन आमच्याच दवाखान्यात येतं. पोटात लागलेली सवय शरीर सहसा सोडत नाही.

हे जन्माच्या दिवशीच कळलं तर पुष्कळ करता येतं. पहिल्या दोन वर्षांत वजन बेताबेतानं वाढू द्यायचं, पुढे मिठावर नजर ठेवायची, इतक्यानंही खूप फरक पडतो. यंत्र त्यासाठी होतं. आपल्या लोकांनी दहा वर्षांत त्याची वारपत्रिका केली. जिथे जुने काप जपून ठेवलेले होते तिथे लग्नाच्या मुलींच्या पत्रिका निघायला लागल्या आणि छत्तीस गुणांच्या शेजारी जाऊन बसल्या. मुलाची वार कुणी विचारत नाही, हे सांगायला नकोच. आणि पत्रिकेत काही वाकडं निघालं की बोट सरळ आईकडे. वारपत्रिका हे आरोपपत्र नाही, असं मी गावोगाव भाषणांतून सांगत फिरले. भाषण सोपं असतं. वेळ आमच्या घरावर आली तेव्हा मी काय केलं ते सांगते.

आमची खानावळ आहे. मिरजेत दवाखाने भरपूर, पेशंटबरोबर आलेली माणसं भरपूर, आणि त्या सगळ्यांना वेळेवर भाकरी लागते. माझी आई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, पन्नास वर्षं ही खानावळ चालवते आहे. शाळूची भाकरी, झुणका, शेंगांची चटणी, वर दही. वाढताना हात आखडता नाही. 'बिरनाळ्यांच्या दारातनं कोण उपाशी गेला नाही,' हे वाक्य ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. माझा थोरला भाऊ बाजारहाट बघतो, अमृतावहिनी चूल सांभाळतात. त्यांची एकुलती एक मुलगी ओवी गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

सव्विसाव्या आठवड्यात ओवीच्या पोटावरच्या पट्ट्यानं तक्रार केली. हा वारपट्टा आता सगळ्याच गरोदर बायका वापरतात. मऊ कापडाचा असतो, वारेतून किती रक्त वाहतंय ते ऐकतो आणि फोनवर आकडा दाखवतो. ओवीचा आकडा साठ होता. ऐंशीच्या वर पाहिजे. बाळ दोन आठवड्यांनी मागे होतं.

तिच्या डॉक्टर, हेरवाडे मॅडम, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मला आणि ओवीला समोर बसवलं.

"कारणं दोन असू शकतात," त्या म्हणाल्या. "रक्त गोठण्याचा एक सौम्य दोष ओवीच्या जनुकांत सापडलाय. तो आईकडून आलाय. दहांतल्या नऊ जणींना तो काही करत नाही, पण दहावी हीच असेल तर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं द्यावी लागतील. दुसरं कारण म्हणजे ओवी स्वतः पोटात असताना उपाशी राहिली असेल. तेव्हा तिचं गर्भाशयही घडत होतं. त्याच्या रक्तवाहिन्यांना काटकसरीची सवय लागली असेल तर आता त्या बाळासाठी उघडत नाहीत. त्या सवयीच्या खुणा जनुकांवरून सोडवणारं औषध आहे, आणि ते चांगलं काम करतं."

"मग दोन्ही द्या की," ओवी म्हणाली.

"दोन्ही एकदम दिली तर रक्तस्राव होईल. एकच निवडायचं. आणि अठ्ठावीस आठवडे उलटले की दुसऱ्या औषधाचा उपयोग नाही."

म्हणजे हातात दोन आठवडे होते, आणि उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या वारेत होतं. ती वार माझ्याच कपाटात होती. २०२६ साली मी पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि माझ्या प्रबंधासाठी जमवलेल्या वारांत ओवीची वार पहिल्या दहांत होती. मेणात बसवलेला तिचा तुकडा मी काढला आणि शबाना मुजावरच्या हातात दिला. शबाना आमच्या प्रयोगशाळेची मुख्य तंत्रज्ञ, माझ्याच वयाची, आणि माझ्याशी भीडभाड न ठेवता बोलणारी एकमेव व्यक्ती.

चाळीस मिनिटांनी ती कागद घेऊन आली. "भूक," ती म्हणाली. "पाचव्या महिन्यापासून शेवटपर्यंत. अगदी स्वच्छ खूण आहे."

मी हसले. "शबाना, आमच्या घरात रोज चाळीस पानं उठतात. त्या घरची सून उपाशी? तुकडा बदलला असेल."

"चिठ्ठी तुझ्याच अक्षरात आहे."

"मग यंत्र चुकलं असेल."

"काल चिकोडीहून आलेल्या त्या सासूबाईंनी हेच म्हटलं तेव्हा तू त्यांना अर्धा तास शास्त्र शिकवलंस," शबाना म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवून गेली.

मी तरीही ऐकलं नाही. घरी जाऊन वहिनींना विचारलं, अर्थातच अक्कांसमोर. वहिनी भाकरी थापत होत्या. हात क्षणभर थांबले. "नाही वन्सं, उपाशी कशाला राहीन?" एवढंच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं. मी हेरवाडे मॅडमना सांगितलं की आमच्या घरात हे शक्यच नाही, दोष वहिनींच्या माहेरचाच असणार. ज्या सासवांना मी भाषणांतून झोडपत होते त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं, आणि मला ते कळलंही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सोमवारपासून इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं.

रविवारी दुपारी ओवीचं डोहाळजेवण होतं. खानावळीतली बाकं भिंतीला लावून मधे झोपाळा बांधला होता. हिरवी साडी, फुलांची वाडी, शेजारणी, गाणी, सगळं यथासांग. पाटावर ताट आलं तेव्हा त्यात पाच गोड पदार्थ होते. ओवीनं एक पुरणपोळी खाल्ली, दुसरीला हात लावला, तोच अक्कांनी ती अलगद उचलून बाजूला ठेवली.

"बास झालं बाळा. सातवा लागलाय. आता पोट जरा रिकामं ठेवावं. बाळ दांडगं झालं की अडतंय."

बायका हसल्या. एकीनं मान डोलावली. मी मात्र जागची उठले.

"अक्का," मी म्हटलं, "वहिनींच्या वेळीही असंच केलंस?"

"मग? पाचव्यापासनं अर्धी भाकरी सकाळी, अर्धी संध्याकाळी. शहाणी पोर, कधी वर मागून घेतली न्हाई. म्हणून तर घटकाभरात मोकळी झाली." अक्कांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. सुनेचं आणि स्वतःचंही.

ओवी जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅमची होती. बारकी पण चपळ, असं आम्ही तिला लाडानं म्हणत आलो होतो.

मी वहिनींना मागच्या अंगणात गाठलं. त्या हंड्याजवळ उभ्या होत्या.

"मी विचारलं तेव्हा 'नाही' असं का सांगितलंत?"

"अक्का समोर होत्या. आणि उपाशी म्हणजे काय वन्सं? मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. त्या मायेनं करत होत्या. मलाही ते खरंच वाटायचं." त्यांनी हंड्यावरचं झाकण सरळ केलं. "चाळीस ताटं वाढताना तोंडाला पाणी सुटायचं. एकदा डब्यातला गुळाचा खडा चोरून खाल्ला, तर दोन दिवस भीती वाटत होती, आता बाळ मोठं होणार म्हणून."

ओवी पोटात होती त्या वर्षी मे महिन्यात मी पुण्याहून आठ दिवस घरी आले होते. वहिनींची गळ्याची हाडं दिसत होती, आणि मी, होऊ घातलेली मोठी डॉक्टर, त्यांना हसून म्हणाले होते, 'काय वहिनी, डाएट चाललंय वाटतं?' हे आठवल्यावर मला स्वतःची शरम वाटली. मी त्यांची माफी मागितली. त्यांच्या माहेरचं नाव घेतलं होतं त्याचीही. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते राहू दे. सोमवारचं इंजेक्शन आधी थांबवा."

मी तिथूनच फोन केला. हेरवाडे मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, आज कळलं." दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला खुणा सोडवणारं औषध सुरू झालं. सत्ताविसावा आठवडा संपायला दोन दिवस होते.

पण औषध वाट मोकळी करतं, त्या वाटेनं जायला अन्न पाहिजे. ओवीला दर तीन तासांनी खाणं गरजेचं होतं, आणि तिचं ताट अक्का वाढत होत्या. म्हणजे अक्कांना सांगणं भाग होतं.

"सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मी गप्प बसले. या वयात हे त्यांच्या डोक्यावर कशाला? मी वाढीन ओवीला."

"त्यांनी पुन्हा पोळी उचलली तर? आणि उद्या आणखी कुणाला असाच सल्ला दिला तर?" मी म्हटलं. वहिनी माझ्यावर चिडल्या. आमच्या इतक्या वर्षांच्या नात्यात पहिल्यांदा.

तोवर ओवीनं माझ्या फोनवर आपल्या जुन्या वारेचं चित्र उघडलं होतं. "आत्या, इथे या फांद्या एवढ्या दाट का आहेत?"

"तिथून भूक सुरू झाली. अन्न कमी यायला लागलं तशा तू जास्त फांद्या फोडल्यास. मिळेल तिथून ओढून घेतलंस."

"मी?"

"वार बाळाची असते. तूच बनवलीस ती."

ओवीनं चित्र मोठं करून त्या फांद्या पाहिल्या. मग वहिनींकडे वळली. "आई, म्हणजे यात तुझी चूक लिहिलेली नाहीच. माझी करामत लिहिलीय. आजीला सांगू दे आत्याला. माझ्या बाळाला पुन्हा अशी करामत करावी लागू नये."

दुपारची पंगत उठल्यावर मी अक्कांशेजारी बाकावर बसले. बाळ पोटातून बाहेरचा अंदाज कसा घेतं, ते सांगितलं. खानावळीच्या भाषेत सांगितलं. आज पीठ कमी आलं, उद्याही कमी आलं, तर स्वयंपाकी धास्तावून हात आखडतो. पुढे पोती आली तरी त्याचा हात सैल होत नाही. ओवीच्या पोटात तेच झालंय.

अक्का ऐकत होत्या. जन्मभर भाकरी थापलेले हात मांडीवर होते.

"म्हंजे ओवी बारकी झाली ती माझ्यामुळं?"

"हो."

"आणि तिच्या पोटातलं बी?"

"हो. पण अक्का, तू काही मुद्दाम केलं नाहीस."

"मुद्दामच केलं की गं," त्या म्हणाल्या. "जपायचं म्हणून मुद्दाम केलं. माझी थोरली भैन गोदाक्का, तिकडं अथणीकडं दिलेली. तीन दिवस अडली. बाळ लई मोठं हाय, म्हणाली सुईण. चौथ्या दिवशी दोघंबी गेली. मी बारा वर्षांची हुते, दाराबाहेर बसलेली. तिचं वरडणं अजून कानात हाय. अमृता घरात आली तवाच ठरीवलं, हिला तसं हू द्यायचं न्हाई."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि आत जाऊन पडल्या.

दोन दिवस अक्का खानावळीत आल्या नाहीत. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकं विचारायला लागली. वहिनी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या, आणि मला वाटायला लागलं की मी खरं बोलायच्या हौसेपायी आईला मोडून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला.

"तेजा, किती लागतंय तिला?" अक्का विचारत होत्या.

"अक्का, नेहमीच्या अंदाजानं..."

"अंदाजाचं नाव काढू नगंस. मापानं सांग."

ज्या बाईनं जन्मात वाटी-चमचा मोजून काही केलं नव्हतं, तिनं फोनवर सगळं लिहून घेतलं. सहाला दूध आणि खजूर, नऊला भाकरी आणि अंड्याची पोळी. अक्कांच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिरलं नव्हतं. त्यांनी अंगणात वेगळी शेगडी मांडली आणि नाकाला पदर लावून ती पोळी स्वतः केली. बाराला डाळ, तीनला लाडू, असं चाललं. प्रत्येक वेळी त्या ओवीसमोर पाटावर बसत आणि ताट रिकामं होईपर्यंत उठत नसत. 'आजी, पुरे,' म्हटलं की म्हणायच्या, "तू खा. तुला न्हवं, तिला वाढते." पोटातलं बाळ मुलगी आहे हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पट्ट्याचा आकडा बघायलाही त्या शिकल्या. साठाचे चौसष्ट झाले, मग एकाहत्तर. तेहतिसाव्या आठवड्यात ब्याऐंशी आला त्या दिवशी खानावळीत सगळ्यांना शिरा मिळाला. कशाबद्दल, ते कुणालाच सांगितलं नाही. भाकरी घ्यायला आलेल्या एका गरोदर मुलीला मात्र त्यांनी सगळ्यांदेखत दटावलं, "कमी खाऊन बाळ सुखानं हुतंय म्हणून कोण सांगितलं तर माझ्याकडं पाठवून दे त्याला."

अडतिसाव्या आठवड्यात ओवी मोकळी झाली. मुलगी, दोन किलो आठशे ग्रॅम. बाळ रडलं, सगळे तिकडे धावले. मी वार घेऊन प्रयोगशाळेत गेले. दोनदा पातं टेकवलं आणि दोनदा उचललं. शबानानं माझ्या हातातून पातं काढून घेतलं आणि काप स्वतः केला.

चाळीस मिनिटांनी मी उरलेली वार घेऊन बाहेर आले. अक्का बाकावर बसल्या होत्या, मांडीवर झाकणाचं मडकं, पदराला मीठ आणि हळदीची पुडी. वार अंगणात पुरायची त्यांची पद्धत, ती ठरलेलीच होती.

"निघालं का?" त्यांनी विचारलं.

"निघालं."

"माझं नाव हाय का त्यात?"

यंत्र नावं लिहीत नाही, हे मला सांगता आलं असतं. खरंही होतं ते. पण त्या मापानं विचारत होत्या, अंदाजाचं उत्तर त्यांना चाललं नसतं.

"आहे," मी म्हटलं. "दोन ठिकाणी."

मी त्यांना चित्र दाखवलं. सुरुवातीच्या आठवड्यांत दाट, बारीक, धास्तावलेल्या फांद्या. आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पुढे भरलेली, मोकळी पालवी. अक्कांनी बोटानं पहिली जागा चाचपली, मग दुसरी. दुसरीवर बोट बराच वेळ राहिलं. त्या रडल्या, आणि रडताना त्यांनी तोंड लपवलं नाही. मग मडकं पुढे केलं. "दे. पुरून येते. आणि चल, पंगतीची वेळ झाली."

खानावळीत माणसं येऊन बसली होती. वहिनी नेहमीप्रमाणे वाढायला उभ्या होत्या. आमच्याकडे सून सगळ्यांच्या मागून जेवते, तेव्हाही आणि आजही. अक्का हात धुऊन आल्या आणि वहिनींच्या हातातली टोपली काढून घेतली.

"अमृता, बस."

"अक्का, लोक बसलेत."

"बसू देत. आज पैलं ताट तुझं."

वहिनी पहिल्या बाकावर बसल्या, अवघडून, पदर सावरत. चाळीस माणसं बघत होती. अक्कांनी ताटात झुणका वाढला, चटणी, दही. मग गरम भाकरी ठेवली, अख्खी. वहिनींनी सवयीनं ती मधून मोडली आणि अर्धी परत टोपलीत ठेवायला हात पुढे केला.

अक्कांनी तो हात धरला, भाकरीसकट ताटावर आणून ठेवला, आणि समोर पाट ओढून बसल्या.